शेवटचे दोन आकडे

नाही हो मॅडम, ‘डिझेल गाडीचा कुठलाही फिल्टर द्या’ असं नसतं त्याच्यात — बसा आधी. त्या स्टुलावर नको, पाय हलतो त्याचा, खुर्चीवर बसा. उधव्याच्या रस्त्यावरून शेअरच्या इकोत चेपून आलात, ऊन बघा बाहेर केवढं आहे. पाणी घ्या. आणि ती चिठ्ठी इथं काउंटरवर ठेवा, त्या जुन्या बेअरिंगखाली, नाहीतर पंख्यानं उडायची. नाही, वाचायची घाई नाही. काय लिहिलंय ते मला माहीत असतं. आमचे मिस्टर चिठ्ठीत दोन आकड्यांच्या वर काही लिहीत नाहीत — अकरा वर्षं झाली लग्नाला, अकरा वर्षं मी हे पार्ट्‌सचं दुकान बघते, मागच्या पत्र्याखाली ते गॅरेज बघतात, आणि काही हवं असलं की गिऱ्हाइकाच्या हातात चिठ्ठी. हात काळे असतात ना, म्हणून दुकानात पाय ठेवत नाहीत. पार्ट नंबरचे शेवटचे दोन आकडे तेवढे लिहायचे, बाकीचं मी ओळखायचं. गाडी कुठली, मॉडेल कुठलं, सगळं मी. आज तुमची गाडी रस्त्यात बंद पडली तर स्वतः पाने घेऊन बाइकवर धावत गेले. बाकीच्यांना फोनवर सांगतात, ढकलत आणा म्हणून.

तर फिल्टर. तुमची गाडी वापीच्या माणसाकडून घेतलेली, कागदावर सतराची. आता कागदावर सतरा आहे म्हणून सतराचा फिल्टर दिला — इथंच लोक फसतात. तुमची गाडी नोंदवली सतरात, पण बनली सोळात. मधले महिने शोरूमला पडून होती. ड्रायव्हरचं दार उघडलं ना, की खाली चौकटीला एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर बनवल्याचा महिना आणि साल असतं, ते खरं. सोळा संपता संपता कंपनीनं फिल्टरची वाटी बदलली. वाटी म्हणजे ज्याच्यात फिल्टर बसतो ते भांडं. गाडीचं नाव तेच, रंग तोच, बॉनेट उघडलं तरी सगळं तेच दिसतं — पण आधीच्या वाटीत उंच फिल्टर लागतो आणि नंतरच्या वाटीत चार मिलिमीटर आखूड. चार मिलिमीटर म्हणजे किती, ही बघा माझी बांगडी, एवढंच. उंचाच्या नंबरला शेवटी झिरो चार, आखुडाच्या नंबरला झिरो आठ. तुमच्या गाडीला उंच. हे मला काही आज समजलं नाही — म्हणजे, धंदाच आहे आमचा, समजणारच. पट्टी कधी बघितली? बघितली असेल एकदा. गाडी मागं इतक्यांदा उभी असते.

हा कितवा फिल्टर, मॅडम? तुम्ही नसेल मोजले, मी मोजलेत. पहिला ऑगस्टमध्ये, नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तुम्ही जांभळा ड्रेस घातला होता. दुसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा. तिसरा फेब्रुवारीत. आणि हा आता. चांगला फिल्टर वीस-पंचवीस हजार किलोमीटर जातो. तुम्ही फिरता किती, तलासरीहून उधव्याच्या शाळेत जायचं आणि यायचं, रविवारी डहाणूला आईकडे — आईची तब्येत आता बरी आहे ना? ऐकलं होतं, त्या खिडकीतून. तर सगळं धरून दहा हजारसुद्धा झाले नसतील, आणि हा चौथा. लोक विचारतात हो. समोर शुक्री भजी तळते, ती मला म्हणते, ‘काय गं दक्षा, मास्तरणीची गाडी आज परत? तिला फिल्टर लागतो का फिटर?’ म्हणते आणि हसते. मी पण हसले. हसून आत आले आणि नट-बोल्टचा डबा उगाच काउंटरवर ओतला आणि परत भरत बसले.

तुमच्याबद्दल काही म्हणत नाही मी. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला विचारायची सवय. हे काय आहे नविनभाऊ, ते कशासाठी असतं नविनभाऊ — भाऊच म्हणता, ऐकलंय मी, खोटं कशाला बोलू. आणि ते सांगतात. तेच तर मला — इकडे या, ही मागची खिडकी बघा. वाका थोडं. सगळं गॅरेज दिसतं की नाही? हायवेला कंटेनर नसला की ऐकू पण येतं. ऑगस्टमध्ये इथंच उभी राहून ऐकलं मी, नवीन रबरी रिंग बसवायच्या आधी तिला बोटानं डिझेल लावायचं, कोरडी बसवली की पिळते आणि मग गळते. मॅडम, मी अकरा वर्षं त्या रिंगा विकते. तीन मापाच्या, पाकिटात पाच-पाच. त्यांना डिझेल लावायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मग वाटी घट्ट करून झाली, मग तो वरचा हातपंप — रबराचा, मुठीत मावेल एवढा — तो दाबत राहायचा, म्हणजे आतली हवा निघते. ‘कडक झाला की थांबायचं, बघा, हाताला आपोआप कळतं,’ असं म्हणून त्यानं तुमचा हात धरला आणि पंपावर ठेवला. तुमच्या मनगटाला काळं लागलं, तुम्ही ओढणीनं पुसलं, तुम्ही हसलात. आणि तो पण हसला. तो हसतो कधी? मी तर बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलंय, लग्नात, माझा भाऊ पाटावरून पडला तेव्हा.

मला कधी बोलावलं नाही त्यानं. ये गं दक्षा, तू विकतेस ते कुठं बसतं ते बघ, एवढं म्हणायला काय लागतं? मी ड्रायव्हरशी हिंदी बोलते, वापीच्या होलसेलवाल्याशी गुजराती बोलते, गिऱ्हाइकानं हातानं नुसता आकार दाखवला तरी पार्ट काढून देते. माझ्याशी बोलण्यासारखं काही नाही असं तर नाही ना? पण मला दोन आकडे. जेवायला वाढलं की जेवतो, अजून हवं का विचारलं तर हात आडवा करतो. आणि तुम्हाला आख्खं इंजिन समजावून. जळते म्हणा पाहिजे तर. जळतेच.

पिशवीत काय आहे, जुना? काढा ना मग, नमुना आणलात ते बरं केलंत. त्या पेपरवर ठेवा, डिझेल लागेल हाताला. हां. आखूड आहे, बरोबर. आता हा आखूड तुमच्या गाडीत कसा गेला म्हणाल तर — होतं असं कधीकधी. डबे बदलतात, माल मिसळतो, वापीहून येतानाच — नाही. कशाला दुसऱ्याचं नाव घेऊ. माझ्याच हातून गेला. पहिल्या वेळी चूक झाली. देवाशपथ चूक. आमच्या धंद्यात सगळे आकडे इंग्लिश, डब्यावर इंग्लिश, बिलावर इंग्लिश, कंप्युटरमध्ये इंग्लिश. हा एकटा मराठीत लिहितो. आश्रमशाळेत शिकला, हात तसाच वळलाय. आणि त्याचा चार — थांबा, या खोक्यावर काढून दाखवते. मराठी चार वरून उघडा असतो की नाही, दोन टोकं वर मोकळी? तो घाईत ती टोकं मिटवून टाकतो. झाला इंग्लिश आठ. पुढचं शून्य काय, दोन्हीकडे सारखंच. मी वाचलं झिरो आठ. आखूड काढला, दिला. डबा मी इथंच ठेवते, स्टॉक मोजायला बरा पडतो, म्हणून त्याला डब्यावरचा नंबर दिसला नाही. गाडीतला मूळचा फिल्टर निघाला तो फुगून फाटलेला, मोजायचा कसा? आणि पुढच्या वेळी त्यानं नवा आणि जुना शेजारी शेजारी धरून बघितला, मी बघत होते खिडकीतून. दोन्ही सारखे. दोन्ही आखूडच होते ना. तो नमुन्यावर गेला बिचारा.

आखूड बसला की वर फट राहते. आधी कळत नाही, गाडी चालते दोन-तीन महिने. मग हवा ओढायला लागते, सकाळी लवकर चालू होत नाही, चढाला दम टाकते, आणि एक दिवस चालता चालता बंद. तेच होतं ना तुमचं? दर वेळी तेच. मला कधी कळलं? नंतर. स्टॉक मोजताना त्याच्या चिठ्ठ्या परत लावून बघितल्या, तेव्हा झिरो चारवाला एक जास्त भरला आणि आठवाला एक कमी. नंतर म्हणजे — नंतर हो. तारीख कुठं लक्षात राहते.

काय म्हणालात? कोण वापीला? परत सांगा. महिनाअखेरीला गॅरेज बंद करून वापीला कंपनीत लागणार — हे त्यानं तुम्हाला सांगितलं? आज? गाडीखाली झोपून? काय म्हणाला, त्याच्या शब्दांत सांगा. ‘माझ्या हाताला यश राहिलं नाही मॅडम.’ असं म्हणाला. नविन म्हणाला. अहो, सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायला तो, कपाकडे बघत होता, मला वाटलं दाढ दुखते. मला एक शब्द नाही. माझं दुकान त्याच्या गॅरेजवर चालतं, माझं घर त्याच्यावर चालतं, आणि तो वापीला जाणार हे मला तुमच्याकडून कळतं. खुर्चीत बसून, पाणी पिता पिता, तुम्ही मला सांगता.

नाही, तुम्ही उठू नका. तुम्ही काय केलंय? बसा. आणि हा ट्रेलर कुठला मध्येच? तुम्ही तर म्हणालात उधव्याच्या रस्त्यात बंद पडली. त्याच्याआधी? सकाळी हायवे ओलांडताना? अगं आई. मध्येच बंद पडली आणि ट्रेलर येत होता. मग लोकांनी ढकलली. थांबला ना पण तो? किती जवळ — नको, हातानं दाखवू नका. कळलं.

तो ग्लास द्या जरा इकडे. माझा नाही तर नाही, चालतो.

दुसऱ्या वेळी चूक नव्हती, मॅडम.

दुसऱ्या चिठ्ठीत मी चारच वाचला. नीट वाचला. तोवर स्टॉक मोजला होता, तुमच्या दाराची पट्टी बघून आले होते, सगळं कळलं होतं. झिरो चारचा डबा हातात घेतला पण होता. आणि खिडकीतून आवाज आला, तो तुम्हाला कसलंतरी सांगत होता, त्याच्या शाळेतलं, नदीला पूर आला तेव्हा सगळी पोरं तीन दिवस शाळेतच कशी अडकली ते. ती गोष्ट मला माहीत नव्हती. अकरा वर्षांत नाही सांगितली. मी डबा परत ठेवला आणि आखूड काढून दिला. फार विचार केला असंही नाही. हात गेला. तिसऱ्या वेळी मात्र विचार करून दिला, ते कबूल करते. मला वाटलं, सारखी बिघडली की बाई कंटाळेल, म्हणेल या माणसाला काही येत नाही, आणि जाईल वापीच्या शोरूमला एसीत बसायला. कोणीही गेलं असतं. चार-चारदा त्याच माणसाकडे कोण येतं? तुम्ही आलात. तुमचा त्याच्यावर विश्वास, म्हणून आलात. आणि मी इथं उभी राहून म्हणायची, बघा, आली परत, म्हणजे काहीतरी आहे — आणि तुम्हाला आणत कोण होतं? मीच की. ज्या बाईचं तोंड बघायचं नव्हतं तिला मीच दर तीन महिन्यांनी अंगणात आणून उभी करत होते.

आणि तो. तो तुमच्या गाडीखाली दिवस दिवस. पाइप बदलून बघितला, टाकी उतरवून धुतली, इंजेक्टर काढून वापीला दाखवून आणले. काही सापडेना. जेवताना हात उलटसुलट करून बघायचा. मला वाटायचं, तुमचा विचार करतोय. तो फिल्टरचा विचार करत होता, मॅडम. हातात काय बिघडलं ते बघत होता. आणि मी वाढत होते समोर बसून.

हा घ्या. कुठून आणायचा, इथंच होता, या वरच्या फळीवर, पहिल्या दिवसापासून. आज डब्यासकट देते. नंबर तुम्ही वाचा, मोठ्यानं वाचा, शेवटचे दोन. झिरो. चार. हां. रिंग आतच आहे, नवीच लावा, आणि डिझेल — ते तुम्हाला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. आणि त्याला सांगा. काय ऐकलंत ते सगळं सांगा. त्याच्या हाताला काही झालेलं नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे. मी सांगायचं? मला नाही जमणार. आमच्यात बोलायची सवयच राहिली नाही, कुठून सुरू करू? तुमच्याशी तो बोलतो. तुम्ही सांगा.

कुठली चिठ्ठी? हां, ती. काय असणार तिच्यात, नेहमीचं. तुम्ही म्हणता तर उघडते. वहीचा कागद आहे हा, रेघांचा, तुमच्या शाळेचा का? बरीच घडी घातलीय. हे काय, पूर्ण पान —

‘दक्षा. झिरो चार. चार अक्षरात लिहिलाय म्हणजे घोटाळा नको.’

हे त्यानं लिहिलंय. अक्षर त्याचंच आहे. थांबा, मला चष्मा — नको, दिसतंय.

‘आज वाटी आतून मोजली. आतापर्यंत बसवले ते तिन्ही आखूड आहेत. माझा चार आठसारखा येतो, त्यामुळे झालं. मॅडमना एवढंच सांग. दुसरं काही बोलू नकोस. वापीला जायचं होतं, आता बघू. घरी आलो की बोलू. जेवायला थांब.’

मोजली कशानं? तुमच्या पर्समधली फूटपट्टी. तुम्ही दिलीत. मोजून मग काय केलं? वहीचा कागद मागितला.

तीन वेळा आठ कोणी वाचत नाही, मॅडम. त्याला कळलंय. आणि लिहितो, माझा चार आठसारखा येतो. दुसरं काही बोलू नकोस लिहितो, आणि ही चिठ्ठी मी इथं बेअरिंगखाली दाबून ठेवली आणि तुमच्यासमोर सगळं — सगळं बोलून बसले. आधी वाचली असती तर. तुम्ही आल्या आल्या देत होतात की हातात.

मघाशी मी काय म्हणाले, त्याला सांगा म्हणाले ना? नका सांगू. मीच बोलेन. जेवायला थांब म्हणालाय.

जा तुम्ही आता. इको भरत आली असेल, सुटली की पुढची तासानं. तो उन्हात बसला असेल तिथं. डबा उलटा धरू नका. नाही, पैशांचं काही नाही, राहू द्या, जा.

मॅडम. चिठ्ठी कुठं नेता? डबा न्या. ती ठेवा इथं. ती मला लिहिलीय.